मांडी घालता आली पाहिजे

पोलीस खात्यात हत्यार निवडायची मुभा शिपाई-हवालदाराला नसते. शस्त्रागारातला हवालदार कपाट उघडतो, नंबर रजिस्टरला चढवतो, राउंड मोजून देतो. आपण सही करायची आणि कमरेला लावून निघायचं. माझ्या वाट्याला आलं ते इच्छापूरच्या कारखान्यातलं ९ एमएम पिस्तूल. मूळ आराखडा बेल्जियमचा, १९३५ सालचं ब्राउनिंग हाय पॉवर. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडात बनायला लागलं आणि आपल्याकडे आला तो त्या कॅनडावाल्यांचा नमुना. लढाईवरच्या सैनिकानं पट्ट्याला उघड्यावर लटकवायची ही वस्तू. तेरा राउंड भरले की किलोभर वजन. कोल्हापुरातल्या एखाद्या हवालदारानं ती सफारीच्या आत लपवून पहाटेपासून पुढारी झोपेपर्यंत वागवावी, असं बेल्जियममधल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझी निम्म्याहून जास्त नोकरी अंगरक्षक म्हणून गेली. अंगरक्षक म्हटलं की लोकांना काळा चष्मा आठवतो. प्रत्यक्षात ते बसायचं काम आहे. गाडीत बसा, बंगल्याच्या व्हरांड्यात बसा, सर्किट हाऊसच्या पायरीवर बसा, कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नात पंगतीला बसा. उभ्या माणसाच्या कमरेवर कसलंही पिस्तूल शोभून दिसतं. माणूस बसला की ते आपले गुण दाखवायला लागतं. खुर्चीवर एक वेळ ठीक, पण खेड्यात पुढाऱ्याला सतरंजीवर बसवतात आणि पुढारी मांडी घालून बसला की त्याच्या मागं भिंतीला टेकून मीही बसायचा. लांब नळीचं पिस्तूल कमरेच्या उजव्या बाजूला असलं की मांडी घालताना नळीचं टोक जांघेत रुततं. ते चुकवायला पिस्तूल वर सरकवावं तर मूठ बरगडीत घुसते. जेवण वाढायला आलेली माणसं आग्रह करत असतात, आणि आपण एका कुल्ल्यावर भार देऊन तिरके बसून श्रीखंड-पुरी खात असतो.

मी नवा असताना आमच्यात एक मुरलेले हवालदार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. सभेच्या बंदोबस्तात ते मला व्यासपीठाच्या कडेला उभं करायचे आणि विचारायचे, "सांग, या गर्दीत हत्यार कुणाकडं हाय?" साध्या वेशातले आमचेच लोक, इतर पुढाऱ्यांचे गनमॅन, एखादा परवानाधारक बागायतदार, असे पाचसात जण तरी असायचेच. मामा एकेक दाखवायचे. तो बघ, बोलता बोलता कोपर कमरेला घासतोय. त्या दुसऱ्याचा पट्टा उजवीकडं खाली ओघळलाय. आणि तो तिकडचा, बसून उठला की शर्टाची मागची कड ओढतोय. हत्यार कापडातून क्वचितच दिसतं, दिसतो तो त्रास. ज्याला टोचतं त्याचा हात तिथं जातो, आणि हात गेला की बघणाऱ्याला जागा कळते. "चपलेतला खडा लपत न्हाई तसंच हे," असं मामा म्हणायचे. हत्यार सुखानं अंगावर बसणं ही चैनीची गोष्ट आहे असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. लपवायचं असेल तर ते सोसवलं पाहिजे, एवढा साधा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट सरावानं कळली. नळी टोचते आणि मूठ दिसते. लोक आखूड नळीचं हत्यार मागतात, कारण आखूड म्हणजे लपायला सोपं असा समज. पण नळी तर पँटीच्या आत उतरलेली असते, ती कुणाला दिसणार? वाकलं की कापड ताणून वर येते ती मूठ. म्हणून अंगरक्षक खाली पडलेला हार उचलायला कमरेत वाकत नाही, गुडघ्यात बसतो. बघणाऱ्यांना तो अदबीचा भाग वाटतो.

पोलीस लाइनीजवळच्या आमच्या टेलरला हे सगळं ठाऊक होतं. सफारीचं माप घेताना तो पहिल्यांदा विचारायचा, "उजवं की डावं?" त्या बाजूला आतून दुहेरी अस्तर लावायचा, कारण मुठीवरचे खवले टेरिकॉटला महिनाभरात भोक पाडतात. घेर दोन बोटं जास्त आणि लांबी खुर्चीवर बसल्यावरही मूठ झाकेल एवढी. उजव्या खालच्या खिशात मी किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा. वाऱ्यानं किंवा गाडीतून झटकन उतरताना सफारी उडू नये म्हणून. बनियन मात्र लांब आणि जाड सुती हवं. एप्रिल-मे महिन्यात कोकणच्या दौऱ्यावर दिवसभर घामात पोलाद कातडीला घासलं की तिथं चट्टा उठतो, आणि घामाच्या मिठानं पिस्तुलालाही एका रात्रीत तांबूस ठिपके येतात.

ॲम्बॅसडर होती तोवर गाडीत तरी बरं होतं. पुढची सीट सलग, पाय लांब करता यायचे. नव्या गाड्या आल्या, पट्टा लावणं सक्तीचं झालं आणि नवीनच पंचाईत झाली. अंगरक्षक बसतो ड्रायव्हरच्या डावीकडं, म्हणजे पट्ट्याचा खटका नेमका त्याच्या उजव्या कमरेशी येतो. जिथं हत्यार, तिथंच खटका. आधी खटका सोडायचा, मग सफारी बाजूला करायची, मग मुठीला हात घालायचा, आणि तोवर दार डाव्या हातानं उघडलेलं पाहिजे. गाडी उभी असताना आम्ही याचा सराव करायचो आणि ड्रायव्हर हसायचे.

पाठीच्या मध्यभागी हत्यार खोचणारे काही जण भेटले. पुढून अजिबात दिसत नाही हे खरं, पण गर्दीत मागच्याचा हात सहज तिथं पोचतो आणि धक्काबुक्कीत माणूस पाठीवर पडला तर मणक्याखाली पोलादाचा तुकडा येतो. सिनेमातल्यासारखं पोटाजवळ नुसतं खोचणं हा तर शुद्ध अडाणीपणा आहे. होल्स्टर नसेल तर हत्यार घरी राहिलेलं बरं. आणि संडासाचं काय, हा प्रश्न लाजून कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पट्टा सोडला की होल्स्टर लोंबकळायला लागतं. तेव्हा हत्यार खुंटीला किंवा टाकीवर ठेवायचं नाही, कारण तिथं विसरलेल्या हत्यारांनी अनेकांच्या नोकऱ्या संकटात आणल्या आहेत. उकिडवं बसण्याआधी ते होल्स्टरसकट काढून गळ्यात अडकवलेल्या पिशवीत ठेवायचं. माझी कापडी पिशवी त्यासाठीच असायची. लोकांना वाटायचं त्यात पोथी आहे.

नोकरीच्या शेवटी शेवटी ग्लॉक हाताळायला मिळालं. निम्मं प्लास्टिक, म्हणून हलकं. सतरा राउंडचं मॅगझिन. घोडा बाहेर नाही, त्यामुळं कापडात अडकायला काही नाही. अंगठ्यानं लावायची वेगळी सेफ्टीही नाही, जे काही आहे ते चापातच. पाठीला ते आवडलं आणि मनाला जड गेलं. सेफ्टी लावल्याचा खटका अंगठ्याला कळण्याची इतकी वर्षांची सवय होती. शिवाय वरचा भाग चौकोनी आणि जाड. कमरेला वजन कमी झालं, जाडी आहे तिथंच राहिली. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की वजन पट्टा उचलतो, जाडी मात्र कमरेलाच सोसावी लागते.

निवृत्तीनंतर गुजरीतल्या एका सराफांकडं काम धरलं. त्यांचा माल पुण्याला जायचा, हुपरीहून चांदीचे दागिने यायचे. सोबतीला हत्यारी माणूस हवा होता. आता हत्यार माझं मला घ्यायचं होतं आणि निवडायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली. परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या मीही इतरांसारख्याच झिजवल्या. ज्या ९ एमएमबरोबर उमर काढली ते आता मला चालणार नव्हतं, कारण ते प्रतिबंधित बोअर, खासगी माणसाला मिळत नाही. राहिलं बत्तीस बोअर.

नियम वाचताना एक गंमत वाटली. २०१६ च्या शस्त्र नियमांत असं आहे की सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा पाहिजे. म्हणजे झाकणं ही आपल्याकडे हौस नाही, कायदा आहे. आणि तरी लग्नाच्या वरातीत शर्ट वर करून मूठ दाखवत नाचणारे मी बघितलेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूठ दाखवणाऱ्याचाही परवाना धोक्यात येऊ शकतो, हे अशा लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

याच सुमारास ह्यूस्टनला भाच्याकडं जाऊन आलो. तो तिथला नागरिक. मला एका दुकानात घेऊन गेला. भिंतभर पिस्तुलं, मागं नेमबाजीची गल्ली. भाड्यानं घ्या, उडवून बघा, पटलं तर विकत घ्या. पर्यटक व्हिसावर आलेल्या मला हात लावायची सोय नव्हती, मी काचेपलीकडून बघत उभा. पुढं २०२१ पासून टेक्सासमध्ये साध्या पात्र माणसाला बाळगण्यासाठी परवानाही लागेनासा झाला. भाच्यानं नंतर सिग सावरचं पी-३६५ घेतलं. २०१८ साली आलेलं हे पिस्तूल, जेमतेम अर्धा किलो वजन आणि एवढ्याशा अंगात दहा राउंडचं मॅगझिन. आमच्या ९ एमएमशेजारी ठेवलं तर पोर वाटेल. एवढी निवड हाताशी असून ते बहुतेक वेळ ड्रॉवरमध्येच पडून असतं. का, तर म्हणे गाडी चालवताना टोचतं. फोनवर हे ऐकून मला हसू आलं.

आपल्याकडं निवड करायला असं भिंतभर काही नसतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी वापरासाठी परदेशी पिस्तुलांची आयात जवळजवळ बंद. त्यामुळं एकतर देशी कारखान्यांचं घ्यायचं, नाहीतर जुनं परदेशी, ज्याची किंमत लाखांत जाते. पुण्यातल्या ओळखीच्या दुकानदारानं माझ्यापुढं हिरव्या कापडावर तीन नग मांडले. कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, कानपूरचंच निर्भीक, आणि कुठल्याशा संस्थानी घरातून आलेलं जुनं जर्मन वॉल्थर पीपीके.

गिऱ्हाईक हत्यार हातात घेतं, एक डोळा मिटून भिंतीवर नेम धरतं आणि म्हणतं, मस्त आहे. मी दुकानदाराला म्हटलं, होल्स्टर दे आणि जमिनीवर बसायला एखादं पोतं दे. रिकामं असल्याची त्यानं खात्री केली, मग मी केली, आणि एकेक कमरेला लावून दुकानाच्या मधोमध मांडी घातली. मग उकिडवा बसलो. बाहेर जाऊन स्कूटरवर बसायची इच्छा होती, पण परवाना आणि हत्यार अजून एकमेकांशी जोडलं गेलं नव्हतं, म्हणून दुकानातल्याच स्टुलाला स्कूटर मानलं. दुकानदार कपाळाला हात लावून बघत होता. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं तर दिवसाला एकच नग खपेल," म्हणाला.

मनात भरलं ते वॉल्थर. चपटं, कोपरे गोल, सहाशे ग्रॅमच्या आत. खिशातल्या डायरीसाठी जेवढी जागा लागते तेवढीच. मांडी घातली तरी टोचेना. १९३१ साली ज्या कुणी ते आखलं त्यानं साध्या कपड्यातला पोलीस डोळ्यांपुढं ठेवला होता आणि ते कमरेला लगेच कळतं. पण किंमत सराफांनाही घाम फोडणारी, सुटे भाग मिळायची मारामार, आणि माझ्या कामाला अडणारी आणखी एक गोष्ट. खात्यात आम्ही पिस्तूल नळी रिकामी ठेवून वागवायचो. वेळ आली तर वरचा भाग मागं ओढून राउंड नळीत घ्यायचा, त्याला दोन हात लागतात. आता माझा डावा हात मोकळा नसणार होता. माल सराफांच्या मुलाकडं असतो आणि चालताना माझा डावा हात त्याच्या दंडाला. त्याला ढकलायचं, खाली बसवायचं, गाडीत कोंबायचं, सगळं त्या हातानं. उरलेल्या एका हातानं जे चालतं ते मला हवं होतं. पिस्तुलाच्या नळीत राउंड ठेवून फिरणारेही आहेत, त्यांचा सराव तसा असतो. माझा नव्हता, आणि साठीच्या उंबरठ्यावर हाताच्या सवयी बदलायला जाऊ नये असं माझं मत आहे.

म्हणजे राहिली दोन रिव्हॉल्व्हरं. निर्भीक आलं २०१४ साली, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, बायकांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं, आणि येतं ते दागिन्यांच्या पेटीत. सराफांना ती पेटी फार आवडली. कानपूरचं साधं रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमचं, इंग्रजांच्या वेब्लीच्या घराण्यातलं, सहा राउंडचं. मधून मोडलं की काडतुसांची चक्री उघडी होते. दोन्हीची जाडी चक्रीपाशी, आणि त्यात फार फरक नाही. म्हणजे जादा पैसे मोजून दोनशे ग्रॅम वाचणार, तेही पट्टा उचलणारच होता. शिवाय काडतूस तेच आणि हत्यार हलकं झालं की धक्का हाताला जास्त बसतो. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते ठरलेलं, म्हणजे सरावाला मोजकीच मिळणार. तेव्हा त्या मोजक्या बारांत ज्याच्याशी हाताचं जुळेल ते घ्यावं. मी सातशे ग्रॅमचं घेतलं.

रिव्हॉल्व्हरचा फुगवटा लोकांना भीती घालतो. अनुभव उलटा आहे. कमरेच्या हाडाच्या वर, बरगडीच्या खाली, प्रत्येकाला एक खळगा असतो. चक्री त्या खळग्यात बसवली तर पुढं मूठ निमुळती आणि मागं नळी निमुळती, कुठंच कोपरा नाही. पिस्तूल सगळीकडं सारखं जाड असल्यानं सगळीकडं सारखं दाबतं. चाप जड आहे हे मात्र खरं. घोडा न चढवता नुसता चाप ओढून बार काढायचा तर बोटात जोर लागतो. मी त्याला गुणच मानतो. कमरेला दिवसभर असणाऱ्या वस्तूचा चाप हलका असू नये. जुनी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची, सहाच्या जागी पाचच भरायची. नव्या रचनेत त्याची गरज नाही असं सांगतात. मी पाचच भरतो.

काडतुसांबद्दल एक सांगायलाच हवं. बत्तीस बोअरचं पिस्तूल आणि बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला ठळक कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. दोन्ही बत्तीसच म्हणून एका हत्याराची काडतुसं दुसऱ्याला आणणारे लोक दर वर्षी भेटतात.

हत्यार घेऊन काम निम्मंच झालं होतं. दुकानात मिळणारं होल्स्टर मऊ, ढगळ, आत हत्यार फिरतं. मी सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका कारागिरांकडं गेलो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. भरलेलं असो की रिकामं, हत्यार दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही, म्हणून आधी सुताराकडून त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला. पोकळी पाडून त्यात मासे धरायच्या गळाचं शिसं ओतलं, वजन सातशे ग्रॅमला आणलं. तात्यांनी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं जाड कातडं काढलं, कोमट पाण्यात भिजत टाकलं. ठोकळ्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळला. ओलं कातडं त्यावर ओढून, गुळगुळीत लाकडी दांड्यानं चक्रीभोवती, चापाच्या कडीभोवती दाबत दाबत बसवलं. चापाची कडी पूर्ण झाकली पाहिजे, बोट काय, सदऱ्याची कडही आत जाता कामा नये, असं मी बजावलं. तात्या काही न बोलता रापीनं कड सारखी करत होते. सावलीत वाळून दोन दिवसांनी ते कातडं लाकडासारखं कडक झालं. मग आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण. मूठ किंचित पुढं झुकेल असा कोन त्यांनी स्वतःच दिला. "चालताना हात जिथं पडतो तिथं पाहिजे न्हवं?" एवढंच म्हणाले.

पट्टाही त्यांच्याकडूनच घेतला, दोन कातडी एकत्र शिवलेला. लाख रुपयांचं हत्यार घेऊन दोनशे रुपयांच्या पट्ट्याला अडकवणारे लोक आहेत. पट्टा लिबलिबीत असला की जगातलं सगळ्यात सुखाचं हत्यारही लोंबतं, मग माणूस दर दहा पावलांना पँट वर ओढतो, आणि मामांच्या खेळात पहिला पकडला जातो तोच.

रात्री हत्यार होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही, हेही लक्षात ठेवावं. कातडं ओल धरतं, कमावण्यातली तुरट द्रव्यं त्यात असतात. पोलाद गंजतं आणि पितळी काडतुसं कळकतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर चार दिवसांत हिरवट थर येतो. घरी आलं की राउंड काढायचे, फडक्यानं घाम पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, हत्यार कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. होल्स्टर दाराच्या खुंटीला, वाऱ्यावर.

अंबाबाईच्या देवळात हत्यार घेऊन जाता येत नाही. ड्युटीवर असताना महाद्वारातूनच हात जोडतो. बँक, कोर्ट, विमानतळ, प्रत्येक ठिकाणी आधी विचार करून निघावं लागतं. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते, आपल्याच जुन्या सहकाऱ्याकडून पावती घ्यायची. त्या दिवसांत मी चालताना डावीकडं कलतो असं घरात म्हणतात. इतकी वर्षं उजवीकडचं वजन तोलून शरीरानं आपला हिशेब करून ठेवला आहे. कंबरदुखी त्यातलीच. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "वजनाचं काम करता का?" मी म्हटलं, सातशे ग्रॅम. त्यांना ती थट्टा वाटली.

आता लोक सल्ला विचारायला येतात. जमिनीच्या व्यवहारातले तरुण, पेट्रोल पंपवाले, एखादा नवा नगरसेवक. "काका, कुठलं घेऊ?" कानपूरनं २०२३ मध्ये प्रबल नावाचं नवं रिव्हॉल्व्हर काढलंय, चक्री बाजूला उघडणारं, पल्ला जास्त असलेलं, त्याची चौकशी बरेच जण करतात. मी शिसं भरलेला ठोकळा आणि जुनं होल्स्टर काढून देतो. म्हणतो, पंधरा दिवस हे कमरेला लावून फिर. जेव, गाडी चालव, मित्रांत बस, लग्नाला जा. बायकोला सोडून कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तुझ्याही हाताला सारखं तिथं जावंसं वाटलं नाही, तर ये, मग बोलू. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठोकळा परत आणून देतात. कुणी म्हणतं गाडीत ठेवलं तर चालेल का. चालणार नाही. गाडीत ठेवलेलं हत्यार चोराच्या सोयीसाठी असतं.

गेल्या वर्षी इचलकरंजीच्या बाजूला दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टर बाई आल्या. रात्री-अपरात्री एकट्या येतात-जातात, धमक्या आलेल्या, परवाना झालेला, निर्भीक घेतलेलं. ते पेटीतच होतं. मी विचारलं तर त्यांनी जे सांगितलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हत्यार बायकांसाठी काढलं, हलकं केलं, पेटी मखमली दिली. पण साडीला पट्टा नसतो, पंजाबी ड्रेसला खिसा नसतो, ते लावायचं कुठं? पर्समध्ये ठेवावं तर पर्स ओपीडीत खुर्चीला अडकवलेली, नर्स उचलून इकडची तिकडं करणार. ताबा म्हणतात तो कुठं राहिला? आमची सगळी विद्या सफारी आणि पँट यांच्यावर उभी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

वाट बाईंनीच काढली. कंबरदुखीच्या रोग्यांना देतात तो रुंद कापडी पट्टा त्यांनी आणला, कुर्त्याच्या आत बांधायला. तात्यांनी निर्भीकच्या मापाचं चापाची कडी झाकणारं कातडी कवच करून त्यावर शिवून दिलं. कुर्ता शिवणाऱ्या टेलरशी मात्र अजून वाद चाललाय. बाजूची चीर किती वर घ्यायची हा प्रश्न. बाई म्हणतात हात सरळ आत गेला पाहिजे, टेलर म्हणतो इतकी वर चीर घेतली तर कुर्त्याचा घाट बिघडेल आणि पट्टाच दिसेल. मी दोघांना सांगितलंय, कापडाला कात्री लावू नका. निर्भीकच्या वजनाचा दुसरा ठोकळा करायला टाकलाय, बाईंनी तो बांधून आधी आठवडाभर ओपीडी करावी, जिने चढावेत, घरी खाली बसून जेवावं, आणि मग टेलरनं चीर ठरवावी.